वरून मोजलेली टाकी

मी गाव सोडलं त्या सकाळी आमच्या जेट्टीवर इतकी माणसं जमली होती, की जेट्टी दोन इंच पाण्याखाली गेली. खोटं वाटत असेल तर खाडीपलीकडच्या कुणालाही विचारा. पलीकडचं कुणी उरलंच नव्हतं म्हणा, सगळे अलीकडे आले होते. अब्बा तेव्हा मच्छीमार बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीचे म्होरके. उभा जन्म इंजिनाच्या आवाजावर ओरडण्यात गेल्यामुळे जमिनीवरही त्यांचा आवाज खाली यायचा नाही. लाँच सुटताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तमाम प्रवाशांना जाहीर केलं, "आमचा रऊफ फुजैराला चाललाय. तिथलं तेल सांभाळायला त्यांना माणूस गावत नव्हता!"

खरं म्हणजे मला तेलाच्या टाक्यांवर हेल्पर म्हणून घेतलं होतं, आणि दहावीच्या गणितात मी दोनदा आपटलो होतो. पण अब्बांनी ते असं काही ठणकावून सांगितलं की तिकीटवालासुद्धा माझ्याकडे तिकीट न मागता पुढे गेला. अम्मी मात्र एकच वाक्य बोलली. "जेवताना एकटा बसू नकोस." मग तिनं पदर तोंडावर घेतला आणि लाँच लांब जाईपर्यंत काढला नाही.

त्याला अठरा वर्षं झाली. अम्मी आता नाही. तुम्ही जे गावात राहिलात, त्यांना अजून वाटतं की मी त्या उंच उंच टॉवरांच्या सावलीत राहतो. चूक माझीच. पहिली दोन वर्षं मी जे फोटो पाठवले ते सगळे दुबईला एकदा फिरायला गेलो होतो त्या एका दुपारचे होते, शर्ट बदलून बदलून काढलेले. फुजैरा दुबईपासून दोन तास लांब, आणि तसं नाही. एका बाजूला उघडेबोडके डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे तेलाच्या टाक्या आणि टाक्यांच्या मधे आम्ही. दुबईतल्या करामा भागात राहणारे आपले लोक भेटले की म्हणतात, "तुम्ही काय बुवा, गावातच राहता." त्यांना ती चेष्टा वाटते. मला ते ऐकून बरं वाटतं.

माझं काम टाकी मोजायचं. ते आधी समजून घ्या, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली. टाकी म्हणजे तुमच्या मशिदीच्या मिनारापेक्षा उंच. जिन्यानं वर चढायचं, झाकण उघडायचं आणि वजन लावलेली टेप आत सोडायची. आतलं तेल काळं, काकवीसारखं जाड. तळापर्यंत टेप बुडवली तर ती पुसता पुसता शिफ्ट संपते. म्हणून आम्ही तेल मोजतच नाही, रिकामी जागा मोजतो. वरच्या काठापासून तेलापर्यंत किती मोकळं, तेवढं मोजायचं आणि टाकीच्या उंचीतून वजा करायचं. राहिलं ते तेल. या कामात माझ्या तोडीचा माणूस अख्ख्या आखातात नाही. झाकण उघडताना येणाऱ्या वासावरून मी मोकळी जागा सांगतो. बरं, वासावरून नाही, पण टेपनं अगदी बरोबर सांगतो.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते सांगतो. माझी बायको शबाना आणि मुलगी आफिया गावी, अब्बांजवळ. कंपनी फॅमिली क्वार्टर देते ती फक्त सुपरवायझरला. सुपरवायझर व्हायला डिप्लोमा लागतो. आमच्या सेक्शनचा सुपरवायझर रिटायर होणार होता, आणि मॅनेजरनं मला सरळ सांगितलं होतं, "रऊफ, ॲडमिशनचं लेटर आण, जागा तुझी. या खेपेला नाही आणलंस तर खलास, बाहेरून माणूस घेऊ." आफिया तेव्हा नऊ वर्षांची होती. वर्षातून एक महिना रजा, म्हणजे मी तिला नऊ महिने पाहिलं होतं. बाकी मी कितीही फुगवून सांगत असलो तरी हा हिशोब फुगवलेला नाही.

कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत मी असा काही दिवा लावला की त्यांनी मला डिप्लोमाच्या दारातही उभं केलं नाही. थेट फाउंडेशनला टाकलं. फाउंडेशन म्हणजे ज्यांचं गणित आणि इंग्रजी कच्चं राहिलंय त्यांना आधी पक्कं करायचं, मग पुढे डिप्लोमाला सोडायचं, आणि ॲडमिशनचं लेटरही तेव्हाच द्यायचं. वर्गात पहिल्या शनिवारी गेलो तर बारा खुर्च्या. गणिताला हेच बारा, इंग्रजीला हेच बारा, 'अभ्यास कसा करावा' नावाचा एक तास होता त्यालाही हेच बारा. आमचे गणिताचे उस्मान सर सुदानचे होते, उंच आणि पांढऱ्या दाढीचे. आवाज इतका हळू की पहिल्या बाकावर बसूनही कान पुढे करावा लागायचा. त्यांनी सांगितलं, याला लर्निंग कम्युनिटी म्हणतात. एकेकटा कच्चा विद्यार्थी महिनाभरात गळतो. बारा जण बांधून ठेवले तर एकमेकांना गळू देत नाहीत.

मी हे अब्बांना फोनवर सांगितलं, "अब्बा, आमची बारा जणांची एक बोट आहे."

अब्बांना ताबडतोब समजलं. "तांडेल कोण?"

"मी."

मला कुणी नेमलं नव्हतं. पण अब्बांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती, आणि पुढच्या शनिवारपासून मी खरोखरच तांडेलासारखा वागायला लागलो.

बारा जणांतले दोघे तुम्हाला माहीत हवेत. एक शिंदेताई. साताऱ्याकडच्या, नवरा इमारतींच्या साइटवर फोरमन. त्या शिकायला का आल्या असं विचारलं तर म्हणाल्या, "काय सांगू रऊफभाऊ, माझी पोरगी आता मराठीत बोलंचना. काही विचारलं की म्हणती, 'मम्मा, यू वोंट गेट इट.' म्हटलं थांब भवाने, गेट करूनच दावते." दुसरा गुल खान, पेशावरचा पठाण. पाण्याचा टँकर चालवायचा आणि बोटं अशी जाड की पेन्सिल त्याच्या हातात काडेपेटीतल्या काडीसारखी दिसायची. त्याला लायसन्सच्या वरची परीक्षा कधी माहीतच नव्हती. त्याला मेकॅनिकचा डिप्लोमा करायचा होता.

सकाळी हजेरीच्या वेळी एखादी खुर्ची रिकामी दिसली की उरलेले अकरा जण एकाच वेळी त्याला फोन लावायचे. गुल खान एकदा टँकर घेऊन डोंगरात अडकला होता. त्यानं नंतर शपथेवर सांगितलं, "यारा, फोन इतना बजा इतना बजा, टँकर डर के खुद स्टार्ट हो गया." हे वाक्य त्याचं आहे, माझं नाही. माझी संगत मात्र होती.

सुट्टीत आम्ही डबे एकत्र उघडायचो. शिंदेताईंचा ठेचा, गुल खानची खुबूस रोटी, माझी बाजारातून आणलेली बांगड्याची कढी. ठेच्यानं गुल खानच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो म्हणायचा, "बहनजी, ये खाना है कि सजा?" मग पुन्हा हात पुढे. आम्ही बहुतेक चाळिशीच्या आसपासचे, कुणी साइटवरचे, कुणी स्वयंपाकघरातले, आणि तिथे बसून एकमेकांची पेन्सिल लपवत होतो. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी जेवताना एकटा नव्हतो. अम्मीला सांगायला हवं होतं असं दर शनिवारी वाटायचं.

इंग्रजीच्या तासाला 'माझं घर' असा निबंध आला. मी आमच्या घराला एकोणीस खोल्या दिल्या, मागे एक बंदर दिलं आणि अंगणात हत्ती बांधणार होतो, पण हत्तीचं स्पेलिंग येईना म्हणून सोडून दिला. बाईंनी खाली लिहिलं, 'छान. पण यातलं खरं किती?' सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पुढे हेच हसणं माझ्या गळ्याशी आलं.

गणितात घनफळाचा धडा सुरू झाला आणि मला आकाश मोकळं झालं. उस्मान सर नमाजाला गेले की मी उठून फळा ताब्यात घ्यायचो. "हे बघा, पुस्तकातली टाकी विसरा. पुस्तक लिहिणारा कधी टाकीवर चढलाय? टाकी म्हटली की वरून मोजायची. आलेला आकडा उंचीतून वजा. यल्ला, लिहा." मी टाकी काढायचो आणि काठावरून खाली येणारा एक बाण. दोन महिने दर शनिवारी मी तो बाण काढला. बाराच्या बारा जण टाकी दिसली की झोपेतही वरून बाण काढतील अशी तयारी मी करून घेतली. शिंदेताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मास्तरच व्हायला पायजे होतं." मी त्या आठवड्यात अब्बांना सांगितलं की कॉलेजनं मला अर्ध्या वर्गाला शिकवायला ठेवलंय. अब्बांनी गावात सांगितलं की पूर्ण कॉलेज.

आणि परीक्षेत टाकीच आली.

टाकी दहा मीटर उंच. तेलाची पातळी मोजली ती तीन मीटर. तेल किती? शाळेतलं कुठलंही पोर सांगेल की तळापासून तीन मीटर तेल आहे, तिनानं गुणा आणि मोकळे व्हा. आम्ही बारा जणांनी दहातून तीन वजा केले आणि सातानं गुणलं. बारा पेपर, बारा टाक्या, प्रत्येक टाकीला वरून खाली एकसारखा बाण. पेपर तपासणारे बाहेरचे होते. त्यांनी गठ्ठा परत पाठवला आणि वर लिहिलं, सामूहिक कॉपी.

विभागप्रमुख मॅडमनी आम्हाला बोलावलं. आमच्यातर्फे मी, शिंदेताई आणि गुल खान आत गेलो. इंग्रजीच्या बाई आणि उस्मान सर आधीच आत बसले होते. बाकीचे नऊ काचेच्या बाहेर. मॅडम वाईट नव्हत्या, पण बारा सारखे पेपर समोर असल्यावर माणूस काय करणार? त्या म्हणाल्या की कॉपी सिद्ध झाली तर सगळ्यांना शून्य, पुन्हा पुढच्या वर्षी. मग त्यांनी माझा पेपर वर काढला. बाकी सगळं माझं बऱ्यापैकी बरोबर होतं. "हे उत्तर मूळ तुमचं असेल आणि बाकीच्यांनी तुमचं पाहून लिहिलं असेल तर तसं लिहून द्या. तुमचा पेपर मी वेगळा काढते."

मी थापाड्या माणूस आहे हे तुम्ही जाणता. आयुष्यात इतक्या थापा मारल्या, त्यात ही किती लहान होती. एक ओळ. आणि ती पूर्ण थापसुद्धा नव्हती, उत्तर माझंच होतं. मी खोटं सांगणार नाही, पेन मी हातात घेतलं. समोर मला आफिया दिसत होती, विमानतळाच्या काचेला नाक लावून उभी असलेली, दर वर्षी थोडी उंच. पुढच्या वर्षी म्हणजे जागा गेली, आणि पुन्हा एक महिना रजा, अकरा महिन्यांचा फोन. गुल खान माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हता, जमिनीकडे पाहत होता. मला सोपं जावं म्हणून. ते मला सहन झालं नाही.

मी पेन ठेवलं आणि सांगितलं, "मॅडम, कुणी कुणाचं पाहिलं नाही. मी सगळ्यांना टाकी वरून मोजायला शिकवलं. आमच्या कामात तशीच मोजतात. चूक एक आहे आणि ती माझी आहे."

जन्मात पहिल्यांदा मी काहीही न वाढवता बोललो आणि कुणाचा विश्वास बसेना! मॅडमनी इंग्रजीच्या बाईंकडे पाहिलं. बाई हळूच म्हणाल्या, "यांच्या घराला एकोणीस खोल्या आहेत."

काचेबाहेरून नऊ जण मला हातानं विचारत होते, काय झालं? तेव्हा कोपऱ्यात बसलेले उस्मान सर उठले. त्यांनी साफसफाईवाल्याची बादली मागवली, अर्धी पाण्यानं भरली आणि पॅन्ट्रीत ठेवली. शेजारी एक पट्टी. "एकेकाला पाठवा," ते म्हणाले. "फक्त विचारा, पाणी मोजून सांगा. बाहेर आलेल्यानं पुन्हा रांगेत जायचं नाही."

पहिल्या शिंदेताई. त्यांनी पट्टी घेतली, साडीचा पदर खोचला आणि बादलीच्या काठाला पट्टी टेकवून पाण्यापर्यंत मोजलं. मग गुल खान. काठापासून. मग बाहेरचे नऊ, ज्यांना आतलं काहीच ऐकू आलं नव्हतं, एकामागून एक. स्वयंपाकघरात काम करणारी मारिया, न्हावी इरफान, सगळे काठापासून. पट्टी कुणी भिजवलीच नाही. फक्त एक फिलिपिनो पोरगा आत गेला, बादलीकडे पाहून "हाफ" म्हणाला आणि बाहेर आला. मॅडमना हसू आवरेना. त्यांनी कोरडी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि कॉपीचा शेरा खोडला.

पण चुकीचं उत्तर चूकच राहिलं. त्या प्रश्नाचे गुण कुणालाच मिळाले नाहीत. माझ्याजवळ इतर गुण होते, मी निसटलो. शिंदेताई पास झाल्या आणि पोरीच्या शाळेत जाऊन टीचरशी इंग्रजीत भांडून आल्या. गुल खान दोन गुणांनी राहिला. तो प्रश्न चार गुणांचा होता.

निकालाच्या फळ्यापाशी मी त्याला काय म्हणणार? तोच म्हणाला, "हबीबी, तेरा बाण सही था. टाकी गलत थी." आणि माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की दोन दिवस मला उजवा हात वर करता येईना.

लेटर मिळालं. जागा मिळाली. क्वार्टर मिळालं. शबाना आणि आफियाला आणायला दुबई विमानतळावर गुल खानच आला, मालकाची पिकअप मागून घेऊन. डोंगरातून येताना आफिया पुढच्या सीटवर आमच्या मधे झोपून गेली. मी दोन तास खिडकीबाहेर पाहिलं नाही, कारण ती झोपलेली कशी दिसते हे मला माहीत नव्हतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला मोठ्या थाटात सांगितली असती. पण मी इकडे एक घर लावलं तेव्हा तिकडचं रिकामं झालं, हे मी धरलंच नव्हतं. अब्बांना म्हटलं, तुम्हीही या. ते म्हणाले, "या घराला मी कुलूप पाहिलेलं नाही. आता या वयात कशाला बघू?" त्यांनी आतल्या दोन खोल्या बंद केल्या आणि खाट ओटीवर आणली. शेजारची माणसं जेवण देतात. फोनवर ते अजूनही मोठ्यानं बोलतात, समुद्र खवळलाय, बांगडा माणसाएवढा लागतोय. पण मी शबानाच्या भावाला विचारलं. तो म्हणाला, अब्बा जेट्टीवर जात नाहीत हल्ली.

आणि आफियाला शाळेनं फाउंडेशनला टाकलं. तिचा वर्ग वेगळा, नाव वेगळं, अर्थ तोच. मराठी शाळेतली पोरगी, इंग्रजी कच्चं. पहिल्या आठवड्यात ती घरी येऊन काही बोलायचीच नाही. दप्तर ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. शबाना माझ्याकडे असं पाहायची की, हेच दाखवायला आणलंत का आम्हाला?

मला एकच उपाय माहीत होता. बिल्डिंगमध्ये त्या कच्च्या वर्गात जाणारी आणखी तीन मुलं होती, एक केरळची, दोन बंगालची. मी घराघरात जाऊन त्यांना गोळा केलं. रोज शाळेनंतर आमच्या हॉलमध्ये सतरंजी टाकली. चार मुलं, एकच पुस्तक, एकच डबा. एक आलं नाही तर बाकी तिघांनी जिन्यावरून ओरडायचं. शुक्रवारी दुपारी गुल खानही येतो, त्याची पुन्हा परीक्षा आहे. तो मुलांमधेच मांडी घालून बसतो, वही गुडघ्यावर. त्याला मी घनफळ शिकवतो, या खेपेला पुस्तकातलं, खालून वर. महिनाभरात आफिया मला म्हणाली, "अब्बा, नॉट लाइक दॅट, बाजूला हो, मी सांगते त्यांना." अर्धं वाक्य गेलं होतं, अर्धं अजून आपलं होतं. मी बाजूला झालो.

मागच्या शुक्रवारी पाढे ऐन भरात होते तेव्हा अब्बांचा फोन आला. मी उठून आतल्या खोलीत जायला लागलो.

"कसला गलका आहे?"

"पोरं आहेत अब्बा. पाढे चाललेत. थांबा, आत जातो."

"जाऊ नकोस," ते म्हणाले. "तू बोलू नको. फोन तिथंच खाली ठेव. राहू दे चालू."

मी फोन सतरंजीवर ठेवला, मुलांच्या मधोमध. आफियानं विचारलं, "हू इज इट?" मी सांगितलं. तिनं फोन स्वतःच्या गुडघ्याजवळ ओढून घेतला आणि आवाज चढवला. बाकीच्यांनीही चढवला. गुल खाननं तर असा काही चढवला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छत वाजवलं. अर्धा तास कुणी फोनवर एक शब्द बोललं नाही. मधे मी एकदाच वाकून विचारलं, "अब्बा, आहात ना?"

"हं," ते म्हणाले. "बाराचा चालू दे."

लोक विचारतात, आता घर कुठलं? पूर्वी विचारलं असतं तर मी एकोणीस खोल्या सांगितल्या असत्या. आता मला तो अर्धा तास सांगता येतो. ओटीवर खाटेशी एक म्हातारा कानाला फोन लावून बसलाय, इथे सतरंजीवर पाच जण ओरडतायत, आणि बाराचा पाढा संपू नये म्हणून आफिया तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.